जुन्या मोटारसायकलींचा जीर्णोद्धार : खर्च आणि मोल

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या व्याख्यानमालेत आजवर संतवाङ्मयापासून अंतराळविज्ञानापर्यंत अनेक विषयांचा परामर्श घेतला गेला आहे. त्या मालिकेत मोटारसायकलीसारखा तेलकट विषय मांडण्यास आम्हांस अनुमती दिल्याबद्दल कार्यकारिणीचे आभार मानतो. आम्ही ना अभियंते, ना व्यापारी. कलाशाखेची पदवी आणि केंद्र सरकारच्या नोकरीत फायलींवर टिपणे लिहिण्याची तीस वर्षांची सवय, एवढेच आमचे भांडवल. परंतु खर्चाचा प्रस्ताव आला की तो कशासाठी, किती आणि त्यातून निष्पन्न काय, हे तीन प्रश्न विचारल्यावाचून आम्हांस राहवत नाही. आज तेच तीन प्रश्न या विषयास लावून पाहण्याचा विचार आहे.

विषय म्हैसूरमध्ये मांडण्यास विशेष औचित्य आहे. चेकोस्लोव्हाकियातील जावा कंपनीच्या सहकार्याने फारूख इराणी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आयडियल जावा हा कारखाना काढला तो याच नगरीत. १९६१ पासून येथे जावा मोटारसायकली तयार होऊ लागल्या. पुढे १९७० च्या दशकात त्यांचे नाव येझदी झाले आणि १९९६ साली कारखाना बंद पडला. आपल्यापैकी कित्येकांचे वडील किंवा सासरे त्या गाड्यांवरून कचेरीत गेले, आणि कित्येकांच्या जिन्याखाली त्यांपैकी एखादी आजही धूळ खात उभी आहे. तिचे करायचे काय, हा प्रश्न म्हणूनच आपल्या घरातला आहे.

प्रथम खर्चाचा विचार करू. गाडी जितकी जुनी तितका खर्च अधिक, असा सर्वसाधारण समज आढळतो. वस्तुतः खर्च वयावर अवलंबून नसून सुटे भाग मिळण्या-न मिळण्यावर अवलंबून असतो. बुलेटचेच उदाहरण घ्या. १९५५ साली मद्रासमध्ये एन्फील्ड इंडिया कंपनी स्थापन झाली. इंग्लंडातील मूळ कंपनी लयास जाऊन अर्धशतक उलटले, तरी आपल्याकडे बुलेट अखंड तयार होत राहिली आणि तिच्या जुन्या इंजिनाची रचना कित्येक दशके फारशी बदलली नाही. परिणामी साठ वर्षांपूर्वीच्या बुलेटचे पुष्कळसे भाग आजही बाजारात सहज मिळतात. याउलट राजदूत ३५० पाहा. यामाहाच्या आराखड्यावरून एस्कॉर्ट्स कंपनीने १९८३ ते १९८९ एवढीच वर्षे ती काढली. वयाने ती बुलेटपेक्षा कितीतरी लहान. पण इंजिन दोन सिलिंडरांचे, म्हणजे पिस्टनापासून कार्ब्युरेटरपर्यंत बहुतेक भाग दुप्पट, आणि ते तयार करणारा मूळ कारखाना नाही. तेव्हा धाकटीचा खर्च थोरलीहून जड व्हावा यात नवल नाही. जावा-येझदी या दोहोंच्या मध्ये बसतात. कारखाना गेला, परंतु गाड्या पुष्कळ उरल्या आणि त्यांचे चाहते त्याहून अधिक. त्यामुळे नव्याने घडवलेले भाग मिळतात. त्यांचा दर्जा मात्र पारखून घ्यावा लागतो.

दुसरा प्रश्न असा की प्रारंभीचा अंदाज आणि अखेरचे देयक यांत अंतर का पडते? अनेक मंडळी याचा दोष कारागिराच्या सचोटीला देतात. तो सर्वस्वी न्याय्य नव्हे. जावाचे इंजिन टू-स्ट्रोक जातीचे. त्यात पेट्रोल आणि हवेचे मिश्रण आधी क्रँकच्या पेटीत शिरते आणि तेथून दाबाने सिलिंडरात जाते. ती पेटी हवाबंद राखणारी सीले वर्षानुवर्षे उभ्या गाडीत कडक होऊन तडकतात. मग गाडी कितीही लाथा मारल्या तरी दाद देत नाही. सीले बदलण्यासाठी इंजिन उघडावे, तो बेअरिंगांना गंज चढलेला दिसतो. बेअरिंग काढावे, तो कनेक्टिंग रॉड सैल आढळतो. तो बदलायचा तर क्रँकची पिन प्रेसखाली दाबून बाहेर काढावी लागते, नवी बसवावी लागते, आणि नंतर दोन्ही चक्रे एका रेषेत फिरतील असे मिलिमीटरच्या शतांश भागापर्यंत जुळवावे लागते. वैद्याला नाडीवरून जे कळते ते यंत्राच्या बाबतीत उघडल्याखेरीज कळत नाही. म्हणून आमचा सल्ला असा की अंदाज इंजिन उघडल्यानंतरच मागावा, आणि त्यावर चौथाई रक्कम हाताशी राखून ठेवावी.

नुसते तत्त्व सांगून आपले समाधान होणार नाही, म्हणून आमच्या वहीतला हिशेब मांडतो. आमच्या वडिलांनी १९६९ साली येथेच घेतलेल्या जावा गाडीचा हा जमाखर्च आहे. इंजिन, क्रँक आणि सिलिंडरचे बोअरकाम २२,००० रुपये. क्रोमचा मुलामा १३,०००. सांगाडा आणि मडगार्डे यांचे रंगकाम ७,०००. टायर, ट्यूब आणि आरे ११,०००. सहा व्होल्टांची वीजयंत्रणा ९,०००. सायलेन्सरांची जोडी आणि बैठक ८,०००. केबली व रबरी सामान ५,०००. वाहतूक आणि कागदपत्रे ५,०००. एकूण ८०,००० रुपये आणि चौदा महिने. यात आम्ही घातलेल्या रविवारांची मोजदाद नाही. एवढ्याच रकमेच्या आसपास शंभर सीसीची नवी साधी मोटारसायकल येते, जी लिटरमागे कितीतरी अधिक धावते आणि बटण दाबताच सुरू होते. तेव्हा वाहन म्हणून पाहिल्यास हा व्यवहार तोट्याचा आहे, हे आम्ही निःसंकोचपणे नमूद करतो. गुंतवणूक म्हणून जीर्णोद्धार करा, असेही आम्ही कोणास सांगणार नाही. बाजारभाव चाहत्यांच्या लहरीवर चढतो नि उतरतो, आणि गाडी विकणाऱ्याच्या पदरात खर्चलेले रुपये पडतीलच याची शाश्वती नसते.

मग उरले काय? येथे खर्चाचे प्रकरण संपून मोलाचे प्रकरण सुरू होते.

वडील २०११ साली निवर्तले. गाडी तिघा भावंडांची. धाकट्या बंधूंचे म्हणणे, ती विकून येणारी रक्कम वाटून घ्यावी. भगिनीचे म्हणणे, गाडीला हातच लावू नये. अण्णांनी जशी ठेवली तशीच ती राहावी. आमचे म्हणणे, जी फिरत नाही ती मोटारसायकल नव्हे. तिन्ही पक्ष सप्रमाण होते आणि काही काळ घरात त्यावरून अबोलाही झाला. भगिनीच्या आग्रहाचे कारण टाकीवर होते. अण्णांच्या गुडघ्यांनी चाळीस वर्षे घासून टाकीचा तांबडा रंग दोन्ही बाजूंनी उडाला होता. रंगाऱ्याने टाकी नव्यासारखी करून देण्याचे कबूल केले, तेव्हा ती म्हणाली, “दादा, रंग नवा झाला की गाडी कुणाचीही होईल.” या एका वाक्याने आम्हांस जे उमगले ते कोणत्याही पुस्तकात सापडले नसते. टाकी आतून गंज काढून स्वच्छ केली, बाहेरून मात्र तशीच ठेवली. इंजिन नवे झाले, खूण जुनी राहिली. बंधूंनी आपला वाटा सोडला आणि टायरांची रक्कमही दिली.

जीर्णोद्धार आणि नूतनीकरण यांत हाच भेद आहे. देवळाच्या दगडावर ऑइलपेंट फासणारे विश्वस्त आपण पाहतो. तेही सद्भावनेनेच ते करतात. पण त्या रंगाखाली टाकीचे घाव आणि शिल्पाची बोटे सारखीच बुजून जातात. गाडीच्या बाबतीतही जे झिजल्याने धोका आहे ते बदलावे, जे झिजल्याने केवळ वय दिसते ते राखावे. ब्रेक, टायर, केबली, वीज यांत काटकसर नको. रंग आणि झळाळी यांत घाई नको. विशेष म्हणजे या मार्गाने खर्चही कमी होतो.

मोलाचा दुसरा भाग हाताच्या विद्येचा आहे. मंडी मोहल्ल्यातील ज्या वृद्ध कारागिरांनी आमचे इंजिन जुळवले ते मूळ कारखान्यात काम केलेले. क्रँक सरळ झाला की नाही हे ते मापकावर पाहण्याआधी बोटाने सांगत, आणि मापक त्यांच्या म्हणण्यास दुजोरा देई. आम्ही विचारले, “उस्ताद, हे कुणाला शिकवलेत?” ते हसून म्हणाले, “शिकायला कुणी बसत नाही साहेब.” जीर्णोद्धारास येणाऱ्या गाड्या थांबल्या की ही विद्या त्यांच्याबरोबर जाईल. आपण देयकावर घासाघीस करतो तेव्हा नेमकी कोणत्या गोष्टीची घासाघीस करतो, याचा विचार व्हावा. भागांची किंमत पारखून द्यावी. हाताची मजुरी मात्र मोकळ्या मनाने द्यावी.

या छंदाविरुद्ध दोन आक्षेप घेतले जातात आणि दोन्ही गंभीर आहेत. पहिला असा की टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोलबरोबर तेलही जळते, काही इंधन न जळताच बाहेर पडते आणि धूर होतो. हे खरे आहे. यास्तव अशा गाडीवर रोज कचेरीस जाण्याचे समर्थन आम्ही करणार नाही. महिन्यातून दोन-चार फेऱ्या पुरेशा आहेत. दुसरा आक्षेप क्रोमच्या मुलाम्याचा. त्या कामात वापरले जाणारे क्रोमियमचे संयुग विषारी असते. त्याची वाफ कामगाराच्या छातीत जाते, सांडपाणी गटारात जाते. स्वस्त दराने काम करणाऱ्या ठिकाणी हवा खेचणारा पंखा आणि सांडपाण्याची सोय आहे काय, हे डोळ्यांनी पाहून मगच काम द्यावे. आपल्या हँडलची चकाकी दुसऱ्याच्या फुप्फुसावर बेतू नये.

आता कायद्याविषयी दोन शब्द, कारण तो आमच्या सवयीचा प्रांत आहे. खाजगी दुचाकीची नोंदणी पंधरा वर्षांची असते आणि पुढे दर पाच वर्षांनी ती वाढवून घ्यावी लागते. मालक निवर्तल्यास तीस दिवसांत नोंदणी अधिकाऱ्यास कळवावे आणि तीन महिन्यांत नमुना क्रमांक ३१ भरून गाडी वारसाच्या नावे करावी. पुष्कळ गाड्या भंगारात जातात त्या गंजामुळे नव्हे, तर या एका कागदामुळे. शिवाय २०२१ साली केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या खाजगी वाहनांसाठी ‘व्हिंटेज’ हा स्वतंत्र वर्ग केला. नव्या नोंदणीस २०,००० रुपये शुल्क आणि दहा वर्षांची मुदत ठेवली. अशी गाडी प्रदर्शन, फेरी, तांत्रिक संशोधन, देखभाल आणि इंधन भरणे एवढ्यापुरतीच रस्त्यावर आणता येते, नित्याच्या वापरास नाही. अट अशी की वाहन मूळ स्वरूपात असावे; सांगाड्यात वा इंजिनात मोठे फेरबदल झालेले नसावेत. म्हणजे आमच्या भगिनीने जे भावनेने सांगितले, त्याच्या जवळपास जाणारी गोष्ट राजपत्रानेही सांगितली आहे.

या व्याख्येप्रमाणे पाहिले तर पन्नाशी गाठलेले आपले मंडळही आता ‘व्हिंटेज’च्या उंबरठ्यावर आले आहे. फरक इतकाच की त्यास नित्याच्या वापराची मनाई नाही.

समारोपादाखल एक सूचना कार्यकारिणीपुढे ठेवतो. ज्या सभासदांच्या घरी जुनी मोटारसायकल उभी आहे त्यांची एक वही मंडळाने करावी. तीत गाडीचे साल, कोणी घेतली, कागदपत्रांची स्थिती आणि ती दुरुस्त करू शकणाऱ्या कारागिरांची माहिती असावी. सर्वच गाड्या वाचवता येणार नाहीत आणि वाचवूही नयेत. ज्याच्या मुलीची फी भरायची आहे त्याने खुशाल गाडी विकावी. त्यात कमीपणा कसला? परंतु ती भंगारवाल्याच्या तराजूत किलोच्या भावाने जाण्याआधी, तिची कदर असणाऱ्या कोणाला तरी तिचा पत्ता लागावा. एवढी सोय मंडळ सहज करू शकेल. वहीसाठी पहिली नोंद आम्ही लिहून आणली आहे आणि ती आज अध्यक्षांकडे सुपूर्द करीत आहोत. पुढील पाने आपण भरावीत.