चित्रांची चाल



हातानें काढलेलीं चित्रें पडद्यावर चालूं लागलीं, कीं सहज वाटतें, चित्रें जितकीं अधिक तितकी चाल सफाईची. हें अर्धेंच खरें आहे.

दादासाहेब फाळक्यांनीं १९१५ सालीं ‘आगकाड्यांची मौज’ या लघुपटांत आगकाड्या थोड्या थोड्या सरकवून एकेक चौकट टिपली व त्यांना चालतें केलें. चित्रांचेंहि तत्त्व तेंच.

बोलपटाच्या सेकंदाला २४ चौकटी लागतात. म्हणजे मिनिटाला १४४०. चित्रकार बहुधा एकच चित्र दोन चौकटींस टिपतो, तेव्हां ७२० चित्रें पुरतात आणि साध्या हालचालींत हा भेद सहसा जाणवत नाहीं. मात्र घोडा भरधाव सुटला किंवा सबंध दृश्यच सरकूं लागलें, तर प्रत्येक चौकटीस नवें चित्र हवें. नाहीं तर चाल अडखळते.

खरी किल्ली चित्रांमधील अंतरांत आहे. म्हसा येथें पौषी पौर्णिमेच्या जत्रेंत विक्रीस आलेला बैल पाहावा. त्याची मान वळतांना हळू सुटते, मध्यें वेग घेते, थांबतांना पुन्हा मंदावते. म्हणून आरंभींचीं व शेवटचीं चित्रें जवळजवळ आणि मधलीं दूरदूर काढावींत. सर्व अंतरें सारखीं ठेवलीं, तर शेंकडों चित्रें काढूनहि बैल लांकडीच राहतो.

आपल्या घरीं एखादें मूल वहीच्या कोपऱ्यांत चित्रें काढून पानें भराभर उलटीत असेल, तर कागद नासला म्हणून रागावूं नये. त्याला चालत्या बैलाकडे नीट पाहावयास शिकवावें.