दाखला कोणी द्यावा?



  मराठवाड्यातील सेवानिवृत्तांच्या या संमेलनात गतवर्षाचे सिंहावलोकन अध्यक्षाने, म्हणजे मी, करावे असा प्रघात आहे. ते चिटणिसांच्या अहवालात आले आहे आणि अहवाल आपल्या हाती आहे.

मला एकाच गोष्टीविषयी बोलावयाचे आहे, आणि ती तहसिलीत पेशकार असताना त्या खुर्चीवरून बोलण्याजोगी नव्हती. ज्या सरकारने माणसाला नेमले, त्याच्याकडून तीस-तीस वर्षे काम घेतले, दरमहा त्याची सही किंवा अंगठा घेऊन पगार दिला, त्याच सरकारसमोर आपण नोकरी केली हे शाबीत करण्याचा भार म्हातारपणी त्या नोकराच्या माथी का असावा?

विलायती साहेबांवर हा भार कधीच नव्हता. आय. सी. एस. अधिकारी नोकरी पुरी करून मायदेशी गेला की त्याला सालिना हजार पौंड सुरू होत. हा पैसा हिंदी रयतेच्या खिशातून जातो, हे दादाभाई नौरोजींनी जन्मभर ओरडून सांगितले. स्वराज्य आल्यावर, 1948 च्या जुलैमधील कराराने, या साहेबांच्या पेन्शनांपोटी आपण 16 कोटी 80 लक्ष पौंड, म्हणजे सुमारे 224 कोटी रुपये, एकरकमी मोजले. दिले त्याची खंत नाही. शब्द दिला होता, तो पाळला. पण त्यांतील एकाही साहेबाला, “तुम्ही खरोखर नोकरीवर होता याला दोन साक्षीदार आणा,” असे कोणी सुनावल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

सकाळच्या बैठकीत पेन्शन हा हक्क की अनुग्रह, यावर पुष्कळ खल झाला. 1871 च्या पेन्शन कायद्याने पेन्शनच्या दाव्यापुरते दिवाणी न्यायालयाचे दार कलेक्टरच्या दाखल्याविना बंद केले, आणि पुढील सद्वर्तनाची अट प्रत्येक पेन्शनमध्ये गृहीत धरलेली आहे, हे वकीलमित्रांनी योग्यच सांगितले. पण हक्क म्हणा, अनुग्रह म्हणा, कागद अडला की दोन्ही सारखेच अडतात.

आमच्या तहसिलीत एक चपराशी होता. निजामी दफ्तराच्या फसली सनाप्रमाणे 1 आजर 1327 रोजी, म्हणजे 1917 च्या ऑक्टोबरात, अठराव्या वर्षी तो लागला. वजीफ्यावर, म्हणजे पेन्शनवर, निघाला तेव्हा हैदराबाद संस्थान जाऊन आठेक वर्षे लोटली होती, आणि काही महिन्यांतच, 1 नोव्हेंबर 1956 रोजी, मराठवाडा मुंबई राज्यात आला. त्याचे नोकरीचे पुस्तक उर्दूत, पगाराच्या नोंदी बहुतेक हैदराबादच्या हाली सिक्क्यात, सात हाली रुपयांना सहा कलदार, म्हणजे ब्रिटिश हिंदी, रुपये या हिशेबाच्या. ज्या कचेरीत ते तपासणीस गेले, तेथल्या कारकुनाने फसली सन हिजरी समजून वाचला. हिजरी 1327 म्हणजे 1909. कागद परत आला तो लाल शाईचा शेरा घेऊन : “अर्जदार नेमणुकीसमयी दहा वर्षांचा दिसतो. सोळा वर्षांखालील नोकरी हिशेबात धरता येत नाही. खुलासा व्हावा.”

खुलासा मी लिहून दिला. त्यावर नेमणुकीच्या वेळचे दोन सहकारी साक्षीस मागविले. एक मरण पावला होता, दुसऱ्याचा ठावठिकाणा नव्हता. तेव्हा बिचाऱ्याने आपल्या पट्ट्याचा पितळी बिल्ला फडक्यातून सोडून त्या कचेरीच्या साहेबांच्या टेबलावर ठेवला. उर्दू अक्षरे घासून घासून बुजत आली होती, तरी तहसिलीचे नाव वाचता येत होते. साहेबांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि विचारले, “ही सरकारी मालमत्ता, निवृत्त होताना जमा का केली नाही?”

मंजुरी आली तेव्हा तो हयात नव्हता. थकबाकीसाठी त्याच्या बायकोकडून वारसाचा दाखला मागविला गेला. तेही एक निराळे पर्व आहे, ते आज सांगत नाही.

पेन्शनऐवजी प्रॉव्हिडंट फंड बरा, असे आमच्या काही तरुण मित्रांना वाटते. फंडालाही वही लागते, आणि वही कचेरीतच असते. एवढेच त्यांना माझे उत्तर.

माझे मागणे साधे आहे. माणूस नोकरीत असतानाच, निवृत्तीच्या दोन वर्षे आधी, त्याचे पुस्तक कचेरीने स्वतः तपासून त्याच्यापुढे सहीला ठेवावे. आणि नोंद सापडत नसेल तर ती नोकराच्या बाजूने धरावी. सरकारचे दफ्तर सरकारने सांभाळले नाही, त्याचा भुर्दंड आम्ही का सोसावा? तहसिलीच्या तिजोरीत मी हयात काढली आहे : खोट्या नोकरीवर पेन्शन खाणारा मला भेटला नाही, खऱ्या नोकरीवर उपाशी राहिलेले मात्र नावानिशी सांगू शकेन.

या कामी फसली-इसवी सनांची एक जंत्री छापावी आणि उर्दू दफ्तर वाचू शकणाऱ्यांची यादी करावी, असा विचार आहे. खर्चाचे, छापखान्याचे कसे काय, ते कार्यकारिणी बघेल. शिकस्ता, म्हणजे जुन्या दफ्तरांतील घसरती उर्दू लिपी, ज्यांना अजून लागते, त्यांनी जेवणापूर्वी चिटणिसांकडे नावे द्यावीत.