आधी माथा, मग बंधारा



अक्राणीच्या डोंगरउतारावरील शेतांत आम्ही लोखंडी सळया ठोकल्या आणि जमिनीलगत खूण केली. पावसाळ्यानंतर खुणेखाली १ मिलिमीटर सळई जरी उघडी दिसली, तरी एकरी सुमारे ५ टन माती वाहून गेली असे समजावे.

आपण विचारता, नाल्यावर बंधारा कधी? बंधारा फोटोत दिसतो. पण वरचा डोंगर उघडा असला तर तो गाळाने भरतो. म्हणून आधी माथ्यावर समतल चर, मग शेतांना बांध, ओघळींत दगडी बांध आणि शेवटी बंधारा.

चरांवर गवत वाढावे म्हणून चराईबंदी लागते. तिची झळ भूमिहीन शेळीवाल्यांना बसते. आपली पहिली देणगी त्यांच्या चाऱ्यासाठी असावी, ही नम्र विनंती.