मोत्याची बाबागाडी

कुत्र्याला बाबागाडींत बसवून फिरावयास नेणारीं माणसें पाहिलीं कीं मी पूर्वीं मनांतल्या मनांत हंसत असें. गेल्या उन्हाळ्यांत तसलीच गाडी मला स्वतःच्या हातांनीं लोटावी लागली, आणि माझें हंसणें थांबलें.

माझी धाकटी बहीण इंग्लंडांत डर्बी येथें राहते. तिचा मोत्या १४ वर्षांचा. मागचे पाय संधिवातानें धरलेले. घरीं एकटा ठेवावा तर दाराशीं बसून विव्हळे, बरोबर न्यावा तर शंभर पावलांवर बसकण मारी. शेवटीं तिनें चार चाकांची गाडी आणली. मीं म्हटलें, "अग, लोक काय म्हणतील?" ती म्हणाली, "दादा, लोकांना कांहींहि सांगतां येईल. याला घरीं कां ठेवलें, हें याला कसें सांगूं?"

आम्ही गेलों ती वाट म्हणजे डर्बीशायरमधील मॉन्सल ट्रेल. साडेआठ मैलांची ही वाट मूळचा मिडलंड रेल्वेचा लोहमार्ग. आपल्या बोरघाटांतून आगगाडी धावूं लागली त्याच वर्षीं, म्हणजे १८६३ मध्यें, तो सुरू झाला आणि १९६८ मध्यें बंद पडला. १९८१ मध्यें तेथें पायवाट झाली. परंतु चार लांब बोगदे २०११ पर्यंत बंदच होते.

आगगाडीला उभा चढ सोसत नाहीं. लोखंडी रुळावर लोखंडी चाक घसरतें. म्हणून एंजिनियरांनीं डोंगर पोखरले, दऱ्यांवर पूल बांधले आणि चढ मंद ठेवला. अवजड एंजिनासाठीं केलेली ती सोय आज म्हाताऱ्यांच्या, अपंगांच्या आणि मोत्यासारख्यांच्या कामीं येते.

बेकवेलच्या जुन्या स्टेशनापासून आम्ही निघालों. मोत्याच्या अंगावरच्या पट्ट्याची दोरी गाडीला आंतून अडकविली होती, नाहींतर तो उडी टाकून पाय मोडून घ्यावयाचा. बसून सांधे आंखडूं नयेत म्हणून मधून मधून त्याला उतरवून चार पावलें चालवीत होतों, पाणी पाजीत होतों. मागून सायकलची घंटा वाजली कीं गाडी कडेला घेत होतों.

हेडस्टोनच्या बोगद्यांत दिवे होते, पण हवा थंडगार. मोत्या कान टवकारून उभा राहिला. बोगदा संपतांच आम्ही एकदम पुलावर आलों. खालीं खोल दरींत वाय नदी. या लोहमार्गानें दरीचें सौंदर्य नासविलें म्हणून जॉन रस्किन यानें मोठा संताप व्यक्त केला होता. आज लोक मुद्दाम तो पूल पाहावयास येतात.

मोत्या कुईं कुईं करूं लागला. बहिणीनें त्याला खालीं ठेवलें. दोनदां थांबून, कठड्याचा वास घेत घेत, तो पूल त्यानें आपल्या पायांनीं ओलांडला. मग गाडीपाशीं बसून तो वर पाहूं लागला. या वेळीं मीं त्याला उचललें. समोरून माणसें येत होतीं. त्यांच्याकडे माझें लक्षहि गेलें नाहीं.

हिवाळ्यांत मोत्या गेला. बहिणीनें कळविलें कीं, गाडी धुऊन तिनें शेजारीं दिली. त्यांची कुत्रीहि आतां म्हातारी झाली आहे.