गालाकडे बघत राहिलो

मागच्या वर्षी आमच्या गटात एका कर्जावरून वाद झाला. गटातल्या एका ताईच्या मुलीचा डावा गाल काही वर्षांपासून आत जात होता. दुखत नव्हतं, खुपत नव्हतं. कुणी म्हणायचं दाढेमुळे, कुणी म्हणायचं बाहेरचं. ताईंनी उपचाराला पैसे मागितले, तर आमच्यातल्याच काही जणी म्हणाल्या, "चेहऱ्याला कसलं कर्ज? शेळीला मागा, देऊ."

मग एक दिवस मुलीच्या उजव्या डोळ्यात मिरचीपूड उडाली. तो डोळा मिटला, तर डाव्यानं भिंतीवरचं कॅलेंडरच दिसेना! आधी आम्ही मेडिकलातून थेंब आणले. त्यात पंधरा दिवस वाया गेले.

मोठ्या दवाखान्यात आजाराचं नाव कळलं, पॅरी-रॉम्बर्ग. पॅरी आणि रॉम्बर्ग या डॉक्टरांनी १८२५ आणि १८४६ मध्ये त्याचं वर्णन केलं. यात चेहऱ्याच्या एका बाजूची कातडी, चरबी, स्नायू, कधी हाडही विरत जातं. बहुतेकदा विशीच्या आत सुरू होतो, बायकांत जास्त दिसतो. तो लागट नाही.

त्या बाजूचा डोळा खोल जातो, ते दिसतं. पण क्वचित आतल्या पडद्याच्या रक्तवाहिन्या झिरपू लागतात, ते बाहेरून दिसत नाही. पाणी साचून पडदा सुटू शकतो. बाहुली मोठी करणारे थेंब टाकूनच पडद्याचे डॉक्टर हे बघतात. त्या दिवशी काही तास धूसर दिसतं, सोबत कुणीतरी हवंच.

झिरपणाऱ्या वाहिन्या लेझरनं किंवा गोठवून बंद करतात. कधी डोळ्यात इंजेक्शन देतात. पडदा सुटला तर ऑपरेशन. आजार वाढता असेल तर मेथोट्रेक्सेटसारखी गोळीही देतात, पण ती रोज नाही, आठवड्यातून एकदाच, आणि रक्ततपासणी करत. दिवस गेले असतील किंवा मूल हवं असेल तर ही गोळी घेण्याआधी डॉक्टरांना सांगायलाच हवं.

आमच्या मुलीला दोनदा लेझर झालं. झिरपणं थांबलं. गेलेली नजर सगळी परतली नाही, मोठी अक्षरं तेवढी वाचते. पोटाची चरबी काढून गाल भरता येतो, पण आजार थांबल्यावर. त्याला वेळ आहे. डोळ्याला नव्हता.

कर्ज दिलं. रजिस्टरात कारण काय लिहायचं, यावरही पुन्हा वाद! "डोळा" लिहिलं.

परवाच्या बैठकीत आम्ही सगळ्यांनी कॅलेंडरसमोर उभं राहून एकेक डोळा झाकून पाहिलं. दोघींना एका डोळ्यानं कमी दिसतं. त्या मंगळवारी तपासायला चालल्यात.