मत आमदाराचं, गप्पा आमच्या

आम्ही दिघाशीच्या बचत गटातल्या बाया बोलतोय. आज आम्ही राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीबद्दल बोलणार आहोत. गटातल्याच दोघी म्हणाल्या, "तिथं आपल्याला मत नाही, काही नाही, मग रेडिओवर जाऊन सांगायचं काय?" प्रश्न बरोबर आहे. पण 2022 च्या 21 जूनला द्रौपदी मुर्मू यांचं नाव जाहीर झालं आणि 25 जुलैला त्यांनी शपथ घेतली, त्या महिनाभरात लावणीच्या चिखलात, रेशनच्या रांगेत, अंबाडीला जाणाऱ्या टमटममध्ये आम्ही दुसरं फारसं काही बोललोच नाही. मत नसलं तरी मन असतंच की.

आधी मताचं सांगतो, कारण ते आम्हालाही आत्ताच नीट कळलं. राष्ट्रपतीला मत देतात ते खासदार आणि आमदार. आमदाराच्या मताची किंमत राज्याराज्यात वेगळी. महाराष्ट्राच्या एका आमदाराचं मत 175 चं, उत्तर प्रदेशाच्या आमदाराचं 208 चं, सिक्कीमच्या आमदाराचं फक्त 7 चं. ही किंमत लोकसंख्येवरून काढतात, आणि लोकसंख्या धरतात ती 1971 च्या शिरगणतीची. आमच्या गटातल्या निम्म्याहून जास्त बाया तेव्हा जन्मालाच आल्या नव्हत्या. म्हणजे आमच्या वतीने जे मत पडलं, त्यात खरं तर आमच्या आज्या मोजल्या गेल्या! खासदाराला हिरवी मतपत्रिका, आमदाराला गुलाबी. शिक्का नाही, मशीन नाही. आयोगाने दिलेल्या जांभळ्या शाईच्या पेनाने नावापुढे 1, 2 असा पसंतीचा आकडा लिहायचा.

मतदान 18 जुलैला झालं आणि मोजणी 21 ला. मुर्मूताईंना 6,76,803 किमतीची मतं, यशवंत सिन्हांना 3,80,177. आमच्याकडे त्या दिवशी सकाळपासून पाऊस होता. संध्याकाळी बातमी आली तेव्हा पाड्यावरच्या एका म्हाताऱ्या आजीने मोबाईलवरचा फोटो डोळ्याजवळ धरून पाहिला आणि म्हणाली, "ही तं आपल्यासारखीच दिसते गो." त्या आजीचा नवरा लग्नगडी होता. नव्या पोरींना हा शब्द ठाऊक नसेल. लग्नासाठी सावकाराकडून पैसे घ्यायचे आणि ते फिटेपर्यंत नवराबायको दोघांनी त्याच्या घरी, त्याच्या शेतावर राबायचं. ते कधी फिटायचे नाहीत. ठाणे जिल्ह्यात हे घरोघर होतं. गोदावरी परुळेकरांनी वारल्यांना याच वेठीविरुद्ध उभं केलं. कायद्याने वेठबिगारी बंद झाली ती 1976 साली. एवढ्या वर्षांचं अंतर त्या आजीच्या एका वाक्यात होतं. आम्ही सगळ्या जरा वेळ गप्प बसलो.

पण सगळ्याच खूश होत्या असं नाही, आणि ते सांगायलाच हवं. आमच्यातली एक वहिनी स्पष्ट म्हणाली, "राष्ट्रपती सही करते. दिल्लीत आदिवासी बाई बसली म्हणून आमचा वनपट्टा होणारे का?" वनहक्काचा कायदा 2006 चा. तिच्या सासऱ्यांनी दावा टाकला, सासरे गेले, दावा अजून आहे. तिच्या बोलण्याला उत्तर देणं सोपं नव्हतं. दुसरी म्हणाली, पक्षांनी आपल्या सोयीसाठी बाईला पुढे केलं. तेही खोटं म्हणता येत नाही. पक्ष सोय पाहणारच.

मग आम्ही जरा माहिती काढली. मुर्मूताई ओडिशातल्या मयूरभंज जिल्ह्यातल्या, उपरबेडा गावच्या, संथाळ समाजाच्या. गावातून कॉलेजात गेलेली पहिली मुलगी. आधी सरकारी कचेरीत नोकरी, मग शाळेत शिकवणं, आणि 1997 मध्ये रायरंगपूरच्या नगर पंचायतीत नगरसेविका. त्यानंतर दोन वेळा आमदार. नवरा गेला, दोन तरुण मुलगे गेले. 2015 पासून 2021 पर्यंत झारखंडच्या राज्यपाल. आणि तिथली एक गोष्ट आम्हाला फार महत्त्वाची वाटली. तिथल्या सरकारने आदिवासींच्या जमिनीच्या जुन्या कायद्यांत बदल करणारी विधेयकं सहीसाठी पाठवली होती. त्याविरुद्ध आदिवासी रस्त्यावर उतरले होते. 2017 साली मुर्मूताईंनी ती विधेयकं सही न करता परत पाठवली. सरकार त्यांच्याच पक्षाचं होतं, तरी. हे आम्ही वहिनीला सांगितलं. ती म्हणाली, "हे बरं केलं." मग थोडं थांबून म्हणाली, "पण दावा माझा इथं आहे." तिचंही खरं.

आणखी एक बातमी आली होती. उपरबेडा गावच्या एका पाड्यावर वीजच नव्हती. उमेदवारी जाहीर झाली, पत्रकार तिथे पोचले, आणि मग खांब आणि तारा पोचल्या. यावर आम्ही हसलो, पण ते हसू काही चांगलं नव्हतं. एका पाड्यावर दिवा लागायला राष्ट्रपतिपद लागतं, तर बाकीच्या पाड्यांनी काय करायचं?

यातलं पहिलेपण मात्र आपल्या महाराष्ट्राचं आहे. 2007 मध्ये प्रतिभाताई पाटील देशाच्या पहिल्या महिला राष्ट्रपती झाल्या. जळगाव जिल्ह्यातलं नाडगाव हे त्यांचं जन्मगाव, 1962 पासूनच्या आमदार. त्या उभ्या राहिल्या तेव्हा विरोधी आघाडीतल्या शिवसेनेनेही मराठी बाई म्हणून त्यांनाच मतं दिली. आमच्यातल्या थोरल्या बायांना तेव्हाचं आठवतं ते वेगळंच. 'राष्ट्रपती' शब्दातल्या 'पती'चं काय करायचं, यावर केवढी चर्चा! कुणी म्हणे राष्ट्रमाता म्हणा, कुणी काय. सरपंचाला सरपंचीण म्हणायचं का यावर कुणी इतका विचार केल्याचं आम्हाला तरी ठाऊक नाही. त्याआधी 2002 मध्ये आझाद हिंद सेनेच्या कॅप्टन लक्ष्मी सहगल अब्दुल कलामांविरुद्ध उभ्या होत्या. वय 87. निकाल काय लागणार ते त्यांना माहीत होतं, तरी त्या उभ्या राहिल्या.

आता आमचा खरा मुद्दा. गटातल्या एकीची लेक भिवंडीला कॉलेजात जाते. तिने आम्हाला अमेरिकेचं सांगितलं. तिथे निवडणुकीच्या आधी एक निवडणूक असते, तिला प्रायमरी म्हणतात. पक्षाचा उमेदवार कोण, हे त्या पक्षाचे मतदार ठरवतात, एकेका राज्यात मतदान करून. 2008 साली हिलरी क्लिंटन आणि बराक ओबामा एकाच पक्षात असे समोरासमोर होते. एक बाई, एक काळा माणूस, दोघांतलं कोणीही आलं असतं तरी इतिहासच. जानेवारीपासून जूनपर्यंत गाडं चाललं. शेवटी हिलरीबाई मागे हटल्या. त्याच्याही आधी, 1972 साली, शर्ली चिझम नावाच्या काळ्या बाईने ही उमेदवारी मागून पाहिली होती. मिळाली नाही, पण मागितली.

हे ऐकल्यावर आमच्यात जो गलका झाला! कारण आपल्याकडे मत देण्याआधीचं सगळं कोण ठरवतं? गावात जागा बाईला राखीव निघाली की चार पुरुष कुणाच्या तरी ओटीवर बसतात. कुणाची बायको, कुणाची सून, हे तिथे ठरतं. आमच्याच भागात एका बाईला तिच्या उमेदवारीचं कळलं ते अर्जावर सही करायच्या आदल्या रात्री. भाकऱ्या थापत होती, नवरा म्हणाला उद्या तहसीलला यायचंय, बरी साडी काढून ठेव. ती निवडूनही आली. पाच वर्षांत तिची खुर्ची तिने किती वेळा पाहिली ते तिलाच विचारा. महाराष्ट्रात 2011 पासून पंचायतीत निम्म्या जागा बायांच्या आहेत. मत आपल्या हातात आहे. पण नाव कोणाचं पुढे यावं, ते अजून ओटीवरच ठरतं.

2022 च्या त्याच जुलैत राज्य सरकारने सरपंच पुन्हा थेट लोकांतून निवडायचं ठरवलं. म्हणजे राष्ट्रपतीला आपण मत देत नाही, पण सरपंचाला देणार, सदस्यांच्या मध्यस्थीशिवाय. म्हणून आम्ही ठरवलं की नाव आमच्या बैठकीतून निघेल. एकीने स्वतःहून हात वर केला. कातकरी वाडीतली आहे, सातवीपर्यंत शिकलेली, हिशेब चोख. नवऱ्याने आधी कां-कूं केलं, मग म्हणाला, बघ तुझं तू.

आणि मग आले कागद. राखीव जागेवर उभं राहायचं तर जातीचा दाखला हवा, जात पडताळणी हवी. लग्न झालेल्या बाईला हे पुरावे माहेरचे लागतात, सासरचे चालत नाहीत. अनुसूचित जमातीला 1950 च्या आधीचा पुरावा मागतात. वीटभट्टीवर वर्षातले सहा महिने काढणाऱ्या बापाकडे तो कुठून असणार? त्यात नावाचा घोळ. घरी एक नाव, शाळेत गुरुजींनी दुसरं लिहिलं, लग्नात तिसरं ठेवलं, आधारवर चौथंच छापून आलं. मुर्मूताईंनीही सांगितलंय की त्यांचं संथाळी नाव पुटी होतं, द्रौपदी हे नाव शाळेतल्या शिक्षकांनी दिलं. आमच्या बाईला एका कचेरीत विचारलं, ही सगळी तूच कशावरून? तिने काय सांगावं!

तरी तिच्या चुलत आजोबांची जन्म-मृत्यूच्या नोंदवहीतली जुनी नोंद सापडली आहे, त्यावर जात लिहिलेली आहे. वंशावळ तयार केली, नावांच्या बदलाचं प्रतिज्ञापत्र केलं. अर्ज दाखल झालाय. पोच जपून ठेवली आहे, तिची झेरॉक्स तिघींच्या घरी आहे.

तुमच्या गटात कुणाला पुढे उभं राहायचं असेल, तर निवडणूक लागेपर्यंत थांबू नका, वेळ पुरत नाही. बापाचा किंवा आजोबांचा शाळेचा दाखला, भावाचा किंवा चुलत्याचा जातीचा दाखला, जुना सातबारा, जन्म-मृत्यूची नोंद, यातलं जे मिळेल ते आत्ताच गोळा करा. गौरी-गणपतीला माहेरी जाणारच आहात, तेव्हा शिध्याच्या पिशवीत या कागदांसाठी एक प्लास्टिकची पिशवीही घाला, पावसात भिजायला नकोत. आम्ही दर गुरुवारी दुपारी गटाच्या बैठकीला असतो. वंशावळ कशी लिहायची ते आमच्यातल्या दोघींना आता पाठ झालंय.