फडावरचा जन्म आणि पासपोर्टची फाइल

मी अंबाजोगाईजवळच्या घाटनांदूरची. लातूरला दयानंद विधी महाविद्यालयात एलएलबी केलं आणि आता पुण्यात एका वकीलसाहेबांकडे कारकून आहे. परदेशी शिकायला, नोकरीला, नवऱ्याकडे जाणाऱ्यांची प्रकरणं आमच्याकडे येतात. अर्ज साहेब बघतात. त्याला लागणारे दाखले जुळवणं माझ्याकडे.

या कामात माझं मन का रमलं, ते आपल्या भागातल्या माणसाला लगेच कळेल. दसरा-दिवाळी झाली की आपल्याकडची बिऱ्हाडं कोयता घेऊन ऊसतोडीला निघतात. कुणी सांगली-कोल्हापूरकडं, कुणी थेट बेळगावकडं. किती लेकरं फडावरच जन्मतात! जन्म-मृत्यू नोंदणीच्या १९६९ च्या कायद्याप्रमाणे जन्माची नोंद जिथं जन्म झाला तिथंच होते, आणि २१ दिवसांत कळवावं लागतं. खोपीतल्या बाळंतिणीला हे कोण सांगणार? हंगाम संपून कारखान्याचा पट्टा पडतो, टोळी गावी येते, नोंद राहून जाते. वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय ती होत नाही. मग शाळेत नाव घालताना गुरुजी अंदाजानं १ जून लिहितात.

अशाच कागदांच्या घोळाची एका बाईंची फाइल मध्यंतरी हाताखालून गेली. शाळेच्या टीसीवर त्यांचं माहेरचं नाव, आधारवर सासरचं. जन्माच्या रजिस्टरात नावाची जागा कोरी, पुढच्या रकान्यात नुसतं ‘स्त्री’. तिन्ही कागद खरे, आणि माणूस एकच, हे सिद्ध करायला कितीतरी दिवस गेले. आता तर १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या लेकरांना पासपोर्टसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच लागतो. टीसी चालत नाही.

अशा कागदांवरून झालेले जुने खटले वाचायचा मला नाद आहे. त्यातलाच एक सखाराम गणेश पंडितांचा. पंडित १९०६ साली अमेरिकेत गेले, १९१४ साली तिथले नागरिक झाले, पुढे कॅलिफोर्नियात वकील झाले. १९२३ साली भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं, की भारतीय हे कायद्याच्या अर्थानं गोरे नाहीत, म्हणून त्यांना नागरिकत्व नाही. लगेच सरकारनं पंडितांचं नागरिकत्व रद्द करायला दावा लावला. पंडित म्हणाले, कोर्टानं सगळं तपासून मला नागरिक केलं. त्या भरवशावर मी वकिली केली, संसार मांडला. आता ते उकरता येणार नाही. १९२६ साली अपिलात ते जिंकले, आणि १९२७ साली सर्वोच्च न्यायालयानं हा खटला ऐकण्याची सरकारची मागणी फेटाळली. नऊ-दहा वर्षांचं आयुष्य एका कागदावर उभं होतं, आणि तो टिकला. हा खटला मी पुन्हा पुन्हा वाचते.

वकिलीची सनद मिळाली की मला हेच काम अंबाजोगाईत बसून करायचंय. तोवर फडावर रेडिओ ऐकणाऱ्या माझ्या मावश्या-वहिनींना सांगते: बाळ तिकडं झालं तर नोंद तिथल्याच ग्रामपंचायतीत किंवा दवाखान्यात करून घ्या. गाव आपलं नसलं तरी नोंद अडवता येत नाही, आणि दाखल्याची पहिली प्रत फुकट मिळते. ती मागून घ्या.